हातावरचा लोण

अंगाला तेल लावून आलेली मुलगी मास्तरांना लांबूनच ओळखू यायची. तरीही ते पुरावा घ्यायचे. सरावाआधी आम्ही रांगेत उभ्या राहिलो की ते जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे वाटायचे, वाणी पुडीला घेतो तेवढे. प्रत्येकीने तो तुकडा आपल्याच हातापायांवर घासून त्यांना परत द्यायचा. मग मास्तर एकेक तुकडा मावळत्या उजेडासमोर धरून बघायचे. कागदातून आरपार दिसलं की ती मुलगी त्या दिवसापुरती संपली.

माझ्या पहिल्या दिवशी माझा कागद त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी वाशीमकडच्या एका तालुक्याच्या गावातून कॉलेजसाठी भांडुपला मावशीकडे आले होते. शाळेत मातीवर कबड्डी खेळले होते, म्हणून मावशीने मैदानावर आणून सोडलं होतं.

"हे काय गो?"

"खोबरेल, मास्तर. कातडी फुटते म्हणून आई लावायला सांगते."

"यात दोन पापड तळून होतील." त्यांनी कागद सगळ्यांना दाखवला. "तुझ्या आईचं बरोबर आहे. पण तुझ्या आईला कोणी पकडायला येत नाही. जा, डाळीच्या पिठाने धुऊन ये."

मी मावशीकडे जाऊन हातपाय धुऊन परत आले. मास्तरांनी दुसरा कागद दिला. तो कोरडा निघाला तेव्हा त्यांनी नाव विचारलं.

कबड्डीत अंगाला तेल लावायला नियमानेच बंदी आहे. पकडणाऱ्याचा हात निसटतो. पण बाकीचे प्रशिक्षक हे सामन्याच्या दिवशी बघतात. मास्तर बारा महिने बघायचे. तेल हा त्यांच्या लेखी पदार्थ नव्हता, गुन्हा होता. मैदानाच्या कडेला वडापाव खात उभ्या असलेल्या माणसाशी ते हात मिळवायचे नाहीत. ते एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरीला होते आणि तिथेही डब्यात तळलेलं काही आलं की ते शेजाऱ्याला देऊन टाकत. त्यांच्या तोंडी कायम एकच वाक्य असायचं, "कोरडं ठेवा." चढाईला जाताना हात कोरडे ठेवा. पंचांशी बोलताना आवाज कोरडा ठेवा. हरलात तर डोळे कोरडे ठेवा. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी त्यांनी मला सरावाला यायला बंदी केली, आणि मी तरीही आले तर मैदानाच्या फाटकातूनच परत पाठवलं. "जा, अभ्यास कर. डोकं कोरडं ठेव." म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही, पण मी केला अभ्यास. निकाल लागला तेव्हा त्यांनी सगळ्या मुलींना रांगेत उभं करून माझी गुणपत्रिका मोठ्याने वाचली, एकेका विषयासकट, जणू सामन्याचा निकालच. आमच्या घराण्यातली पहिली पदवी अशी भांडुपच्या एका मैदानावर जाहीर झाली. मला आज साकीनाक्याच्या ऑफिसात बसायला खुर्ची आहे, तिच्यामागे तो माणूस आहे, हे मी कोणालाही सांगते.

त्यांच्या स्वतःच्या अंगाला जन्मात तेलाचा थेंब लागला नव्हता. उन्हात उभं राहून राहून हाताची कातडी करड्या रंगाची, भेगाळलेली झाली होती. नखाने ओढलं की पांढरी रेघ उठायची. याचा त्यांनी उपयोग करून घेतला होता. डाव समजावताना ते कोपरापासून पुढचा हात आमच्यासमोर धरायचे आणि काडीने त्यावर मैदान काढायचे. मनगटाशी मध्यरेषा, कोपराकडे बोनसची रेषा, बाजूला कोपऱ्यातले दोन खेळाडू. चढाई कुठून शिरली, पकड कुठे चुकली, सगळं पांढऱ्या रेघांत. समजलं की तळहाताने चोळून फळा साफ. दुसऱ्या संघांचे प्रशिक्षक कागदावर आकृत्या काढून आणायचे, तेव्हा मास्तर म्हणायचे, "कागद हरवतो."

असे हे मास्तर, आणि त्यांच्या या हातावर एक दिवस टॅटू काढायची वेळ आली.

सुरुवात संगीमुळे झाली. संगी आमची मुख्य चढाईपटू. तिची माणसं परभणीकडची, वडील मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन. पहिल्या पगारात तिने मनगटावर छोटं फुलपाखरू काढून घेतलं आणि सरावाला येताना मनगटाला रुमाल बांधला. मास्तरांनी रुमाल सोडायला लावला. फुलपाखरावर मलम चकाकत होतं. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"वर चित्र, त्यावर तूप! तुझ्या कातडीची वाट लावलीस तू."

"मास्तर, ते भरून येऊस्तोर लावावं लागतंय. तुमी पन काढा की एखादं. लई भारी दिसंल."

सगळ्या हसल्या. क्रीडा मंडळाचे दोन-तीन कार्यकर्ते कट्ट्यावर बसले होते, तेही हसले. मास्तरांना चेष्टा सहन व्हायची नाही असं नाही, पण त्या दिवशी आम्ही नुकत्याच एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरून आलो होतो. आम्ही दरवर्षीच दुसऱ्या फेरीत हरायचो. ते उसळून म्हणाले, "काढीन. ज्या दिवशी तुम्ही फायनलला समोरच्या संघावर लोण चढवाल ना, त्या दिवशी या हातावर 'लोण' लिहून घेईन. आणि माझा शब्द आहे."

समोरचे सगळेच्या सगळे खेळाडू बाद केले की लोण होतो आणि जादा गुण मिळतात. कुठल्याही सामन्यात तो मानाचा. फायनलला तर बोलायलाच नको. थोडक्यात, मास्तरांनी कधीच होणार नाही अशी गोष्ट शोधून शब्द दिला होता. त्यांना सुईची भीती वाटते हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. संगी म्हणाली, "हात इकडं करा," आणि तिने पेनाने त्यांच्या हातावर एक चौकोन काढला. "ही जागा बुक."

पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही फायनलला पोचलो.

त्या सामन्याबद्दल सविस्तर लिहायचा मोह होतो, पण हे मास्तरांचं चित्र आहे, आणि मास्तर त्या सामन्याचा शेवट बघतच नव्हते. अखेरची मिनिटं आली की ते मॅटकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. आम्ही एका गुणाने मागे होतो. समोरच्या संघाच्या दोनच मुली उरल्या होत्या. संगी चढाईला गेली. एकीला पायाने टिपलं, दुसरी तिच्या कमरेवर झेपावली आणि संगी तिला ओढत, फरफटत, बोटांची टोकं मध्यरेषेला लागेपर्यंत आली.  मग तीच पहिली ओरडली, "लोन! लोन! लोन!" आणि आम्ही सगळ्या तेच ओरडत तिच्या अंगावर पडलो. वर बघितलं तर मास्तर अजून पाठमोरेच. फक्त त्यांचा हात वर गेला होता, मूठ वळलेली.

आठवडाभरात मंडळाच्या माणसांनी शब्दाची आठवण करून दिली. सत्काराचा कार्यक्रम ठरत होता आणि कोणीतरी म्हणालं, मास्तर आता हळूच विसरून जाणार. दुसरा म्हणाला, "कोकणी माणूस, सुईला घाबरतो." ते मास्तरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते मला आणि संगीला घेऊन मुलुंडला गेले. संगीचं फुलपाखरू काढणाऱ्या निखिलचा स्टुडिओ एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होता.

निखिल पंचविशीचा, स्वतःचे दोन्ही हात चित्रांनी भरलेले, स्वभावाने गरीब. त्याने मास्तरांचा हात दिव्याखाली धरला, अंगठ्याने कातडी ताणून बघितली, भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अंकल, अभी नहीं होगा."

"का नाही?"

"स्किन रेडी नाहीये. खूप ड्राय आहे, सनबर्न पण आहे. असं केलं तर इंक नीट बसणार नाही, पॅची येईल, जखम भरायला पण त्रास. आधी स्किन तयार करून या."

मग त्याने सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलं, कारण मास्तर ऐकत नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. हात उन्हात न्यायचा नाही. पाणी भरपूर प्यायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. घरी दाढीचं ब्लेड फिरवायचं नाही, ते काम तो स्वतः नव्या ब्लेडने करणार. यायच्या आदल्या रात्री झोप पूर्ण, येताना पोटभर जेवण. आणि त्या दिवशी मात्र हातावर काहीही लावायचं नाही.

या सगळ्यातला एकच शब्द मास्तरांच्या डोक्यात शिरला होता.

"म्हणजे तेल."

"तेल नाही अंकल, लोशन."

"बाटलीवर नाव बदललं म्हणून काय झालं?" मास्तर उठले. जिन्यावरून खाली उतरताना ते स्वतःशीच बोलत होते. "आयुष्यभर पोरींच्या हातावरचं तेल पुसलं. आता मी लावू? उद्या कोणत्या तोंडाने कागद वाटू?"

संगीने विचारलं, "मग शब्द?"

ते थांबले. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंधळ होता आणि मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हात पुढे धरून उभे राहिले, तो हात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बघत. सत्काराला हात कोरा घेऊन गेले तर शब्द मोडणार होता. हात तयार करायचा तर जन्माचा नेम.  भांडुपला घरी पोचल्यावर ते म्हणाले, "कुठलं लोशन ते लिहून दे."

सगळ्यात जास्त आनंद मास्तरांच्या बायकोला, आमच्या काकूंना झाला. मास्तर नेहमी जपून बोलत, पण काकूंनी मालवणी कधीच सोडली नव्हती. "लग्न झाल्यापासून सांगतंय, अंगाक तेल लावा. माजा कोण आयकता? मगरीची पाठ बरी! आता त्या पोराने सांगल्यान तर लगेच आयकतत!" त्यांनी पहिलं लोशन स्वतः लावलं, आणि मास्तर डोळे घट्ट मिटून बसले होते. सुई लागणार म्हणून काकू त्यावर हळदही लावायला निघाल्या होत्या, पण संगीने निखिलला फोन करून विचारलं आणि पिवळा हात थोडक्यात टळला.

तेव्हापासून मास्तरांचा एक हात वेगळा राहू लागला. त्याला ऊन लागू नये म्हणून काकूंनी जुन्या पायमोज्याचा पंजा कापून तो मनगटापासून कोपरापर्यंत चढवला. वर अर्ध्या बाह्यांचा सदरा. मास्तर असे मोजा घातलेल्या हाताने भांडुपभर फिरायचे.

"मास्तर, फ्रॅक्चर काय?" भाजीवाला विचारायचा.

"नाय. रंगकाम काढलंय. आधी भिंत भिजवतोय."

मैदानावर संध्याकाळचं लोशन लावायची जबाबदारी पाळीपाळीने आमच्यावर आली, कारण काकूंनी सांगून ठेवलं होतं की हा माणूस बाटली उघडून नुसता वास घेऊन परत ठेवतो. लावणारीने मग हात डाळीच्या पिठाने धुवायचे, मगच मॅटवर पाय. तो नियम त्यांनी स्वतःमुळेही ढिला केला नाही. एकदा मी पाहिलं, सगळ्या गेल्यावर ते कट्ट्याआड उभं राहून आपल्याच हातावर वर्तमानपत्राचा तुकडा घासत होते. उजेडाला धरून बघितला आणि मान हलवून खिशात टाकला.

आणि हळूहळू हात बदलला. भेगा मिटल्या. करडा रंग जाऊन खाली एक गव्हाळ रंग निघाला. तो कोणी पाहिलाच नव्हता. काकूही म्हणाल्या, "लग्नात असो होतो." बुद्धपौर्णिमेला संगी घरून खिरीचा डबा घेऊन आली, तेव्हा मास्तर खीर खाता खाता अधूनमधून अंगठ्याने आपला हात चाचपत होते. आमचं लक्ष गेलं की थांबायचे.

अडचण एकच झाली. एका सरावात ते डाव समजावायला लागले, सवयीने काडी उचलली, हातावर रेघ ओढली, आणि काहीच उठलं नाही. पुन्हा ओढली. मऊ हातावर पांढरी रेघ धरत नव्हती. आम्ही सगळ्या हाताकडे बघत उभ्या. मास्तरांनी काडी टाकून दिली.

"गेला फळा," ते म्हणाले. मग आमच्या हातांकडे बघितलं, बहुधा एखादा कोरडा हात उसना मिळतो का ते बघायला. आणि बघतच राहिले. मॅटने खरचटलेली कोपरं, फुटलेले गुडघे, माझ्या पोटरीवरचे पांढरे ओरखडे. रोज ते हेच हातपाय तेलासाठी बघायचे. ते म्हणाले, "हे दुखतं का गो?"

 संगी म्हणाली, "अंघोळ करताना झोंबतंय, मास्तर."

त्यांनी खिशातली लोशनची बाटली काढून कट्ट्यावर ठेवली. "खेळून झाल्यावर लावा. झाल्यावर. आधी लावलंत तर बघा." त्यानंतर ती बाटली कट्ट्यावरच राहिली. संपली की नवी यायची. कोण आणतं ते आम्ही विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी काकूंनी त्यांना घावणे आणि उसळ अशी वाढली की ते वाकू शकत नव्हते. निखिलने हात तपासला आणि शिट्टी वाजवली. "अंकल, झकास! ये वही हाथ है?"

मास्तरांना तो कौतुकाचा शब्द आवडला असावा, पण त्यांची नजर सुईच्या यंत्रावर होती. कपाळावर घाम आला होता. निखिलने हात पुसला, नव्या ब्लेडने केस काढले, पुन्हा पुसला आणि स्टेन्सिलचा कागद चिकटवला. थोडा वेळ दाबून धरला आणि अलगद सोलून काढला. त्या गव्हाळ हातावर जांभळी, ठसठशीत अक्षरं उमटली.

लोन.

ते आधी मी पाहिलं. शुद्धलेखनात मी कॉलेजात बक्षीस मिळवलेली मुलगी, मला ते दिसणारच होतं. आमच्याकडे बोलण्यात ण नसतो. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. मुंबईत आल्यावर वर्गात हशा पिकला तेव्हा मी आरशासमोर उभं राहून ण पाठ केला होता, जीभ वर वळवून, पुन्हा पुन्हा. संगीने कधी केला नाही. आणि निखिलला मजकूर मोबाइलवरून पाठवला होता तो संगीने, जसा ती बोलते तसा.

"थांबा थांबा," मी म्हणाले. "हे चुकलंय. ण हवा. हे तर कर्जाचं लोन झालं."

निखिल दचकला. "मला मराठी एवढं लिहिता येत नाही, जे पाठवलं ते केलं. दोन मिनिटं, पुसून नवीन लावतो."

संगीचा चेहरा उतरला. ज्या मुलीला सात जणी मिळून खाली पाडू शकत नव्हत्या, ती भिंतीला टेकून उभी राहिली. "मास्तर, माझ्यामुळं झालं. मला नाय येत ते. ऑफिसात पन हसतात. त्या दिवशी पत्रकारानं बोलायला सांगितलं तर म्या गेलेच नाय माइकवर."

हे आम्हाला माहीत नव्हतं. फायनलनंतर ती कुठे गायब झाली होती ते तेव्हा कळलं.

मास्तर आपल्या हाताकडे बघत होते. निखिल पुसायला ओला कापूस घेऊन पुढे आला, तर त्यांनी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं.

"काय गो, रडतंस कित्याक?" ते संगीला म्हणाले. "त्या दिवशी मध्यरेषेला हात लागल्यावर काय ओरडलीस?"

"लोन."

"मोठ्याने सांग."

"लोन."

"मी पाठ करून उभा होतो. मला दिसलं काहीच नाही. मी जे ऐकलं ते हेच ऐकलं." त्यांनी हात निखिलपुढे ठेवला. "घे. सुरू कर."

"पण मास्तर," मी म्हणाले, "लोक हसतील."

"हसू देत. कंपनीत लागलो तेव्हा मी 'माका, तुका' म्हटलं की गोदामभर हसायचे. मग सोडून दिलं. आता असं एखाद्या वेळीच तोंडात येतं, घरी बायकोशी पण बोलत नाही. हातावर लिहिलेलं नव्हतं ना, म्हणून सुटलं." मग निखिलकडे वळून म्हणाले, "काय रे, हे सुटत नाही ना?"

"नाही अंकल. परमनंट."

"झालं तर."

यंत्र सुरू झाल्यावर मास्तरांनी जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. सुई टेकताक्षणी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि चढाईला गेल्यासारखे पुटपुटायला लागले, कबड्डी कबड्डी कबड्डी, एका दमात. श्वास संपला की एक हुंकार, नवा दम, पुन्हा कबड्डी कबड्डी. निखिल घाबरून म्हणाला, "अंकल, सांस तो लो आराम से." मास्तर थांबले नाहीत. न चा दांडा पूर्ण झाला तेव्हा संगी टाळी वाजवून म्हणाली, "आले मास्तर रेषेवर!" आणि मास्तरांनी खरोखरच दुसऱ्या हाताची बोटं पुढे करून खुर्चीच्या दांड्याला स्पर्श केला.

सत्काराला मैदान भरलं होतं. शब्द मोडेल अशी खात्री असलेले सगळे पुढच्या रांगेत आले होते. जखम भरून आली होती. मास्तरांनी मुद्दाम पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, आणि नाव पुकारल्यावर व्यासपीठावर उभं राहून त्यांनी बाही सावकाश, घडी घालत घालत, कोपरापर्यंत नेली. हात वर केला. आधी टाळ्या, शिट्ट्या, मुलींचा आरडाओरडा. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, कुठल्या बँकेचं?" आणि हशाची एक लाटच आली.

प्रमुख पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्मा सावरून हात जवळून बघितला आणि माइकवरच, अगदी आपुलकीने म्हणाले, "मास्तर, एवढा त्रास सोसलात, पण अक्षर चुकलं की हो. लोण, ण बाणाचा."

 माझ्या शेजारी संगी खाली बघत बसली होती. मास्तरांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि माइक आपल्याकडे ओढला. आवाज कोरडा होता.

"सर, ण बाणाचा लोण मला ठाऊक आहे. उमेदीत मी स्वतः खेळलो, मग इतकी वर्षं शिकवलं. फायनलला तो आम्हाला एकदाही देता आला नाही. या पोरींनी दिला तो लोन."

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पहिली टाळी मुख्याध्यापकांनीच वाजवली एवढं नक्की. मास्तर खाली उतरले नाहीत. त्यांनी माइक हातात धरून संगीला खूण केली. ती उठेना. आम्ही तिला ढकललं. ती वर गेली, माइक हातात घेतला, एकदा मास्तरांच्या हाताकडे बघितलं आणि फायनलची शेवटची चढाई सुरुवातीपासून सांगायला लागली, आपल्या बोलीत, पानी प्यायला थांबण्यासकट. कोणी हसलं नाही. ती जिथे हसवायला बघत होती तिथे मात्र सगळे हसले.

मास्तर आता निवृत्त होऊन कणकवलीकडे गावी राहतात. काकू सांगतात, घरात पुन्हा मालवणी बोलतात, आणि गावातल्या पोरांना मातीवर खेळ शिकवतात. आमच्या मैदानावर आता आमच्यानंतरच्या मुली खेळतात. बहुतेक भांडुपमध्येच जन्मलेल्या, चांगल्या शाळांत शिकलेल्या, पाणी आणि कोण अगदी स्वच्छ म्हणणाऱ्या. परवा मी ऑफिसातून येताना थोडी थांबले होते. त्यांनी समोरच्या संघाची शेवटची मुलगी धरली आणि सगळ्या एकदम ओरडल्या. ण कोणीच म्हटला नाही.